आधी कंबर, मग हात

साकीनाक्याच्या गल्लीत वाढलेल्या मुलीच्या हाती सॉफ्टबॉलची बॅट दिली, की ती क्रिकेटसारखीच उभी राहते. बॅट जमिनीला टेकवून, टप्प्याची वाट पाहत. इथे टप्पाच नाही. मोठ्या मुलींच्या खेळात चेंडू 43 फुटांवरून खालच्या हाताने थेट अंगावर येतो, आणि बॅट गोल, जास्तीत जास्त सव्वादोन इंच जाडीची.

म्हणून आम्ही सुरुवातीला चेंडू देतच नाही. पाय खांद्यांपेक्षा जरा रुंद, वजन मागच्या पायावर, बॅट खांद्याजवळ. पुढचा पाय छोटं पाऊल टाकतो, मागची टाच उचलून कंबर वळते, हात सर्वांत शेवटी. नुसत्या हातांनी मारलेला चेंडू लांब जात नाही.

खरी अडचण कमरेची. आठवीतल्या मुलींना घरीदारी "नीट उभी राहा, आवरून बस" ऐकायची सवय. पूर्ण वळा म्हटलं, की त्या अर्ध्यावर थांबतात, इकडेतिकडे बघतात. घट्ट बांधलेला स्कार्फ, पूर्ण बाह्या, ट्रॅकपँट, सगळं चालतं. पण अम्मी-अब्बूंनी एकदा मैदानावर येऊन पाहावं. ते बघत असले की लेक पूर्ण वळते. सरावाला गच्चीवर दोरीला टांगलेला मोज्यांचा गोळा पुरे. धाकटी भावंडं मात्र बॅटच्या टप्प्यात नकोत.