झेल सुटल्यावर काय बोलायचं?



या सदरात आपण एरवी घर, ऑफिस, मुलांच्या परीक्षा आणि मोबाइल असल्या गोष्टींवर गप्पा मारतो. या वेळी मैदानावरची एक गोष्ट सांगतो. त्यात चूक माझीच आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत शोधत बसायला नको.

तुमच्यापैकी काहींना ठाऊक आहे, की सोमवार ते शुक्रवार मी लॅपटॉपसमोर असतो आणि रविवारी सकाळी पेडण्यात मुलांना क्रिकेट शिकवतो. ‘शिकवतो’ हा जरा मोठा शब्द झाला. माझ्याकडे कोचिंगचं कुठलंही सर्टिफिकेट नाही. कॉलेजच्या टीममधून खेळलो होतो, एवढंच. कापणी झाली, जमीन सुकली, की शेताच्या कडेच्या मोकळ्या जागेत मॅटिंग टाकायचं आणि जून उजाडेपर्यंत खेळायचं. अकरा ते पंधरा वयाची अठरा मुलं येतात, त्यांत चार मुली. एका मुलीच्या वडिलांनी विचारलं होतं, “हिच्या शिक्षणाचं काय?” मी त्यांना शिखा पांडेचं नाव सांगितलं. फर्मागुडीच्या आपल्या गोवा इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेतली, हवाई दलात अधिकारी झाली आणि 2017 च्या वर्ल्ड कपची फायनलही खेळली. त्यानंतर ते गृहस्थ स्वतःच मुलीला सोडायला येऊ लागले.

तर गोष्ट जानेवारीतली. डिचोलीच्या मुलांबरोबर आमची मॅच होती. शेवटच्या षटकात त्यांना पाच धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी खेळत होती. फलंदाजाने चेंडू उंच उडवला. डीप मिडविकेटला आमचा तेरा वर्षांचा एक मुलगा होता. तो धावत चेंडूखाली आला, हात पुढे केले आणि झेल सुटला. पुढच्याच चेंडूवर चौकार गेला आणि आम्ही हरलो.

मुलं परत आली तेव्हा सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो, “एवढा सोपा झेल घेता येत नसेल, तर येतोस कशाला?”

तो काही बोलला नाही. किटबॅग उचलायला मदत केली, सायकल घेतली आणि गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी मनाशी म्हटलं, परीक्षा जवळ आली असेल.

तिसऱ्या आठवड्यात मला डिचोलीहून फोन आला. त्या टीमच्या सरांचा. साठी ओलांडलेले, शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते, आता निवृत्त. मला वाटलं, परतीच्या मॅचची तारीख ठरवायची असेल. पण त्यांनी विचारलं, “झेल सुटलेला तो तुझा पोर कसा आहे रे?”

मी म्हटलं, “येत नाही हल्ली.”

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “शनिवारी चहाला ये.”

शनिवारी कोलवाळचा पूल ओलांडून, थिवी, अस्नोडा, मुळगाव करत मी डिचोलीला पोचलो. सरांच्या घरासमोर सोपो आहे, तिथेच बसलो. चहा आला, भजी आली. सरांनी थेट विचारलं, “त्या झेलाबद्दल त्याला काय सांगितलंस?”

मी माझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्याच्या घरी बसून ते स्वतःच्या तोंडून ऐकताना बरं वाटलं नाही.

“म्हणजे झेल सुटला, हे तू त्याला सांगितलंस,” सर म्हणाले. “अरे, ते त्याला माहीत होतं. चेंडू त्याच्या पायाशीच पडला होता.”

मी गप्प.

“किती वाजले होते?”

“सव्वापाच.”

“तो कुठल्या दिशेला तोंड करून उभा होता?”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पश्चिमेला. जानेवारीतला सव्वापाचचा सूर्य बरोबर त्याच्या डोळ्यांत होता. आणि त्याला तिथे उभं मीच केलं होतं.

“माझा सर्वांत चपळ पोरसुद्धा त्या चेंडूखाली पोचला नसता,” सर म्हणाले. “तुझा पोचला. चेंडू सूर्यात येतो तेव्हा काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, एवढंच.”

मी बचावाला आमच्या पिढीचं ठरलेलं उदाहरण काढलं. “पण सर, आचरेकर सरांनी सचिनला कधी ‘वेल प्लेड’ म्हटलं नाही!”

हे तुम्हीही ऐकलेलं असेल. रमाकांत आचरेकर मूळचे मालवणचे, म्हणजे आमच्या तेरेखोल नदीपलीकडच्या सिंधुदुर्गाचे. मुंबईत शिवाजी पार्कवर त्यांनी मुलं घडवली. 16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सचिननेच सांगितलं, की एकोणतीस वर्षांत सरांनी एकदाही ‘वेल प्लेड’ म्हटलं नाही. मुलगा निर्धास्त होईल आणि मेहनत सोडेल, असं त्यांना वाटायचं. शाळेच्या मोठ्या टीमची मॅच बघायला गेलेल्या सचिनला त्यांनी दिलेली थप्पडही प्रसिद्ध आहे. दुसऱ्यांसाठी टाळ्या काय वाजवतोस, लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असं खेळ, असा त्याचा मतलब होता.

डिचोलीचे सर हसले. “अर्धी गोष्ट उचललीस. उरलेली अर्धी कुठे गेली? स्वतःच्या स्कूटरवर बसवून त्या पोराला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर कोण न्यायचं? स्टंपवर एक रुपयाचं नाणं कोण ठेवायचं?”

ते नाणंही तुम्हाला आठवत असेल. दिवसभराच्या सरावानंतर सचिन थकला, की सर स्टंपवर रुपया ठेवायचे. बाद करेल त्या गोलंदाजाला रुपया, नाबाद राहिला तर सचिनला. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. सर खूश असले, की भेळ किंवा पाणीपुरी खायला न्यायचे, असंही त्याने सांगितलं आहे. म्हणजे शाबासकी होतीच, ती शब्दांत नव्हती.

“तू त्या पोराला कधी स्कूटरवर बसवलंस?” सरांनी विचारलं. “नाही ना? मग आचरेकरांसारखं बोलायचा तुला हक्क नाही.”

मग त्यांनी एक वेगळीच गोष्ट सांगितली. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा डिचोलीत कितीतरी घरांसमोर ट्रक उभे राहिले. कर्जाचे हप्ते चालू आणि धंदा बंद. बाप घरी बसलेले, आणि राग निघायचा तो पोरांवर. “माझ्या मैदानावर पोरं यायची ती सकाळपासून बोलणी खाऊन,” सर म्हणाले. “तिथे मीही तेच ऐकवायचो. एक दिवस एक पोरगा मला म्हणाला, ‘सर, तुम्ही पप्पांसारखंच बोलता.’ त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून मी एक नियम केला. मैदानावर तोंड उघडायचं ते काय करायचं हे सांगायला. काय चुकलं ते पोरांना दिसतं.”

परत येताना बाइकवर माझ्या डोक्यात ऑफिस घोळत होतं. आमच्याकडे नवीन मुलांनी लिहिलेला कोड सीनिअर तपासतात आणि त्यावर शेरे लिहितात. ‘हे चुकीचं आहे’ असा शेरा मला माझ्या पहिल्या नोकरीत मिळायचा, तेव्हा मी तासन्‌तास स्क्रीनकडे बघत बसायचो. ‘इथे यादी रिकामी आली तर प्रोग्राम कोसळेल, आधी तपासून घे’ असं कुणी लिहिलं, की पाच मिनिटांत काम व्हायचं आणि ती चूक परत व्हायची नाही. आज मी सीनिअर आहे आणि दुसऱ्या प्रकारचे शेरे लिहायची काळजी घेतो. तीच काळजी रविवारी सकाळी कुठे जाते, कोण जाणे.

घरी येऊन थोडं वाचलं. अमेरिकेत जॉन वुडन नावाचे बास्केटबॉलचे कोच होते. बारा वर्षांत दहा वेळा त्यांच्या कॉलेजने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. 1974-75 च्या मोसमात गॅलिमोर आणि थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या सरावाला बसून ते काय काय बोलतात याची अक्षरशः नोंद केली. 2,326 नोंदी झाल्या. त्यांत कौतुक सुमारे 7 टक्के आणि नाराजी साधारण तेवढीच. सुमारे 75 टक्के बोलणं म्हणजे निव्वळ माहिती: काय करायचं, कसं करायचं. हे कोच मोसमाच्या पहिल्या दिवशी खेळाडूंना मोजे आणि बूट कसे घालायचे ते शिकवायचे, कारण मोज्याला चुणी पडली तर पायाला फोड येतो आणि फोड आला की सराव बुडतो.

म्हटलं, आपलंही मोजून बघू. पुढच्या रविवारी मोबाइल खिशात ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं आणि रात्री ऐकलं. अर्धा तास ऐकून बंद केलं. “अरे!”, “काय हे?”, “लक्ष कुठे आहे?”, “शाबास!”, “परत तेच!” असं मी एकूण 57 वेळा ओरडलो होतो. ज्यातून एखादं पोर काही शिकेल अशी वाक्यं होती नऊ. बायको शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, “घरी रेकॉर्ड केलंस तर नऊही भरायची नाहीत.” आमचा मुलगा पहिलीत आहे. मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मुलाच्या घरी गेलो. वडील मोप्याच्या विमानतळावर ड्युटीला गेले होते. आईने बसायला खुर्ची दिली आणि त्याला हाक मारली. तो दारात येऊन उभा राहिला, आत आला नाही.

मी काही तयारी करून गेलो नव्हतो. म्हटलं, “त्या दिवशी तुला चुकीच्या जागी मी उभा केला. सूर्य तुझ्या डोळ्यांत होता. चूक माझी होती आणि बोललो तुला. असं बोलायला नको होतं.”

तो जमिनीकडे बघत होता. त्याची आई माझ्याकडे बघत होती. मोठ्या माणसाने तेरा वर्षांच्या मुलाकडे माफी मागायची आपल्याकडे फारशी पद्धत नाही, त्यामुळे पुढे काय करायचं हे आम्हा तिघांनाही कळेना.

मग मी उठून अंगणात गेलो आणि करून दाखवलं. चेंडू सूर्याच्या रेषेत आला, की सरळ समोर तोंड करून उभं राहायचं नाही, अंग थोडं तिरकं करायचं. एक हात वर धरून सूर्य झाकायचा आणि त्याच्या कडेने चेंडू बघत राहायचं. शेवटच्या क्षणी दोन्ही हात कपाळाच्या उंचीवर, बोटं वर. तो दारातून बघत होता. दोन मिनिटांनी अंगणात आला.

“मागीर टोपी घालूं?” त्याने विचारलं. मग टोपी घातली तर चालेल का?

मला हसू आलं. अठरा मुलं, इतकी वर्षं, आणि टोपी घाला हे मी कधी सांगितलंच नव्हतं.

तो लगेच रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला, टोपी घालून. मुलांनी दोन मिनिटं चिडवलं आणि विसरून गेली. सरावात त्याने तीन उंच झेल घेतले आणि चौथा सोडला. झेल सुटल्या सुटल्या त्याने माझ्याकडे पाहिलं. एवढंच विचारलं, “सूर्य कुठे होता?”

“फाटल्यान आशिल्लो, सर!” तो ओरडला. “म्हजीच चूक!” सूर्य पाठीमागे होता, चूक माझीच. आणि स्वतःच हसत चेंडू आणायला धावला.

डिचोलीच्या सरांना फोन करून हे सांगितलं. “बरं केलंस,” एवढंच म्हणाले, आणि परतीच्या मॅचची तारीख ठरवली. वेळ सकाळची ठेवू या, असं मीच सुचवलं.

मंडळी, आपल्यापैकी बरेच जण शनिवार-रविवारी मुलांना कुठल्या ना कुठल्या क्लासला सोडतो: क्रिकेट, फुटबॉल, नाच, तबला. परत येताना गाडीत जे बोलतो, तेही एक कोचिंगच असतं. एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून बघा. फक्त स्वतःच ऐका, आणि जमलं तर बायको किंवा नवरा शेजारी नसताना! आकडा किती भरला, ते मंडळाच्या पत्त्यावर मला जरूर कळवा. माझा नऊचा विक्रम मोडणं फारसं अवघड नाही.

भेटू पुढच्या महिन्यात.