निष्ठा कोणाशी?

स्वामिनिष्ठा म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. जुलै १६६० मध्ये महाराज विशाळगडी पोहोचेपर्यंत घोडखिंड अडवून धरणारे बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे आपल्याला बालपणीच भेटलेले असतात. २०२२ साली आलेला ‘पावनखिंड’ शेवट ठाऊक असूनही पाहावासा वाटला, तो त्यामुळेच. आमच्या चिक्कडपल्लीला तर आर. टी. सी. क्रॉस रोड्सची चित्रपटगृहे हाकेच्या अंतरावर. अपमान, प्रतिज्ञा आणि सूड ही त्रयी तेथील पडद्याला चांगलीच परिचित आहे.

जपानचे सामुराई चित्रपटही याच भावनांवर उभे आहेत. १७०३ साली धन्याच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या सत्तेचाळीस रोनिनांची कथा तेथे पुनःपुन्हा पडद्यावर आली. परंतु मासाकी कोबायाशी यांचा ‘हाराकिरी’ (१९६२) मला या सर्वांहून निराळा वाटतो. बालरोगतज्ज्ञाने तर तो अवश्य पाहावा.

कथेचा काळ १६३० चा. एक निर्धन तरुण सामुराई ई घराण्याच्या वाड्यात येऊन आत्मबलिदानासाठी अंगण मागतो. खरे तर त्याला चार पैशांची आशा असते. घरी तान्हे मूल तापाने फणफणले आहे आणि वैद्याला द्यायला काही नाही. तो एक-दोन दिवसांची मुदत मागतो. घराण्याच्या प्रतिष्ठेपायी ती नाकारली जाते. खरी तलवार त्याने आधीच विकलेली असते. त्याला बांबूच्या पात्याने मरण पत्करायला लावतात. पुढे मूल जाते, त्याची आईही जाते. मग त्याचा सासरा जाब विचारायला येतो. अखेरीस घराण्याचे पूजनीय चिलखत पुन्हा नीट मांडले जाते आणि दप्तरात नोंद होते, की त्या दिवशी झुंजीत पडलेले सारे सेवक आजाराने वारले.

‘आजाराने वारले’ हे शब्द वैद्यकाच्या मनाला विशेष झोंबावेत. मृत्यूची नोंद करण्याचा अधिकार समाजाने आपल्या हाती दिला आहे. रुग्णालयाची अथवा सहकाऱ्याची अब्रू राखण्यासाठी केसपेपरवरील एक ओळ जरी बदलली, तरी आपणही त्या रिकाम्या चिलखताचीच पूजा करतो. बाजीप्रभूंच्या निष्ठेने दुसऱ्याचा जीव वाचला. ई घराण्याच्या निष्ठेने केवळ घराण्याचे नाव वाचले. दोहोंना एकच शब्द लावणे हा भाषेचा अपमान होय.

सूडाचेही तसेच. मूल दगावल्यावर डॉक्टरांवर हात उगारणाऱ्यांचे समर्थन होऊच शकत नाही. २००८ साली तत्कालीन आंध्र प्रदेशात याविरुद्ध कायदा झाला, तो आवश्यकच होता. मात्र कायदा हल्लेखोराला शिक्षा देऊ शकतो, संशयाला नाही. संशय दडवलेल्या माहितीवर पोसतो. त्या पित्याला काय घडले हे कोणी समोर बसवून, त्याला समजेल अशा भाषेत सांगितलेले नसते आणि उरलेली जागा तो आपल्या कल्पनेने भरतो.

केंद्र शासनाने २०१४ साली बालमृत्यू अन्वेषणाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. कोणाला दोषी ठरवण्यापेक्षा पुढचा मृत्यू टाळणे हा त्यांचा हेतू आहे. आपल्या संस्थेने हीच रीत सभासदांच्या लहानमोठ्या नर्सिंग होममध्ये रुजवावी, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. प्रत्येक बालमृत्यूची सहकाऱ्यांसमोर मोकळी चर्चा व्हावी, मूळ नोंदींना हात लागू नये आणि बिलाचा विषय काढण्यापूर्वी आईवडिलांशी सविस्तर बोलणे व्हावे.

यामुळे आपली प्रतिष्ठा कमी होईल, अशी भीती काहींना वाटेल. मला ती रास्त वाटत नाही. व्यवसायबंधूंविषयीचा जिव्हाळा मोलाचा आहेच. पण पाळण्यातल्या त्या जिवाचा हक्क त्याहून आधीचा. त्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही. त्याच्या वतीने खरे बोलणारा केसपेपर, एवढीच त्याची साक्ष असते.