तीस अंश सगळ्या माशांना सोसत नाहीत

संपादक महोदय,

घरच्या फिशटँकमधले पाणी बारा महिने ३० अंश सेल्सिअसवर ठेवावे, हा आपल्या वाचकाचा सल्ला मासे पाळणाऱ्यांना महागात पडेल. एवढी ऊब डिस्कसला मानवते; गप्पी, मॉली, निऑन टेट्रा आणि एंजल एकत्र असतील, तर २५-२६ अंशच योग्य. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना ७.६. माशांची गरज मात्र तेव्हाच वाढते. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात तापमान काही दिवस चढवतात, तो उपचार आहे, रोजची रीत नव्हे.

पिंपरी-चिंचवडमध्ये हीटर लागतो तो थंडीच्या रात्रींत. एप्रिल-मेमध्ये पाणी तापू न देणे हेच काम. तेव्हा झाकणाऐवजी जाळी लावावी, पाण्यावर पंख्याचा वारा सोडावा, एअरपंप अखंड चालवावा. बर्फ टाकू नये. दिवसाआड येणारे नळाचे पाणी क्लोरीन घालवून आणि टाकीच्या तापमानाला आणूनच भरावे. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नये; वेगळा थर्मामीटर लावून रोज सकाळ-संध्याकाळ पाहावा.

– एक मत्स्यपालक, चिंचवड