सहासष्ट टक्के हेट म्हणजे किती?

सुरतेत बॉल पायथन हे साप पाळणाऱ्या हौशी मंडळींच्या डोक्यात रंग मिसळण्याचं गणित घट्ट बसलंय. त्यात नवल नाही. पांडेसरा-सचिनच्या डाइंग मिलांच्या शहरात गडद आणि फिकं एकत्र केलं की मधली शेड मिळणार, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. म्हणून अल्बिनो नर साध्या मादीला लावायचा आणि फिकट पिल्लांची वाट बघायची. अंडी फुटतात, पिल्लं सगळी साधी तपकिरी-काळी, आणि विकणाऱ्याने फसवलं म्हणून बोभाटा सुरू.

इथे विकणारा निर्दोष आहे. काळं रंगद्रव्य तयार व्हायला लागणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक शाबूत असली तरी काम भागतं. दोन्ही बिघडल्या तरच साप अल्बिनो. त्या तपकिरी पिल्लांत बिघडलेली प्रत पातळ न होता जशीच्या तशी बसलेली असते. अशा पिल्लालाच धंद्यात ‘हेट’ म्हणतात. मेंडेलने 1865 मध्ये वाटाण्यांच्या आधारे मांडलेली गोष्ट आहे ही, काही ताजी खबर नव्हे.

यावर कुणी ‘पेस्टल’ हा रंगप्रकार पुढे करेल: एका प्रतीने साप उजळतो, दोन प्रतींनी आणखी उजळतो, मग हे मिसळणं नाही तर काय? नाही. दोन पेस्टल जुळवले तर सरासरी चारात एक पिल्लू निव्वळ साधं निघतं. कढईत मिसळलेला रंग असा वेगळा होऊन कधी बाहेर आलाय?

दुसरा घोळ मात्र विकणाऱ्यांचाच. ‘66 टक्के हेट’ हे लेबल असं वाचून दाखवलं जातं, जणू सापात दोन तृतीयांश अल्बिनोपण भरलंय. दोन हेट जुळवले की न-अल्बिनो दिसणाऱ्या तीन पिल्लांमागे सरासरी दोन हेट असतात, पण कोणती दोन हे बघून कळत नाही. टक्केवारी आपल्या अज्ञानाची आहे, सापाची नाही. साप एक तर हेट असतो, नाही तर नसतो. खात्री करायची तर अशी मादी अल्बिनो नराला लावा. एक जरी अल्बिनो पिल्लू निघालं तर मादी हेट, प्रश्न मिटला. सहाच्या सहा पिल्लं साधी निघाली तर ती हेट असण्याची शक्यता 66 वरून सुमारे 3 टक्क्यांवर येते. उलट दोन पक्के हेट जुळवूनही सहा अंड्यांत एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता जवळजवळ 18 टक्के. तेवढ्यावरून कुणाची कॉलर धरू नये.

आमचे सर्पमित्र म्हणतात, हे शिकवूच नका, त्याने सापांचा बाजार तेजीत येतो. त्यांची तळमळ खरी आहे आणि देशी साप पाळणं गुन्हा आहे, त्यात तडजोड नाही. पण परदेशी सापांचा बाजार आज अडाणीपणावरच तर चाललाय! ‘स्पायडर’ घ्या. त्याची जाळीदार नक्षी हवी म्हणून लोक तो मागतात आणि मान कलती ठेवून डोलणारा साप घरी येतो. विकणारा सांगतो, ‘चांगल्या लाइनचा घ्या, डोलणार नाही.’ डोलणं कमीजास्त असतं हे खरं, पण नक्षी देणाऱ्या जनुकाबरोबरच ते येतं. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्म सीटी स्कॅनच्या अभ्यासात अशा सापांच्या आतल्या कानाची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या अवयवाची, रचनाच बिघडलेली दिसली. नक्षी आणि डोलणं यांची ही जोडी ज्याला समजली तो स्पायडर मागणारच नाही. गप्प बसून ही मागणी कशी घटणार, हे सर्पमित्रांनी सांगावं.

शिकवायचंच तर वहीपासून सुरू करावं: कोणता नर, कोणती मादी, अंडी किती, पिल्लं कोणत्या रंगाची, साधी निघालेली पिल्लंसुद्धा लिहायची. 2024 च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावीच लागते, मग घरच्या वहीचा कंटाळा कसला? आणि आईबापांची नोंद न दाखवता कुणी ‘हेट’ विकत असेल, तर त्याला साध्या सापाचीच किंमत द्यावी.