ईयोबाचे मित्र आणि आम्ही

'तुमचा विश्वास कमी पडतो आहे' हे वाक्य आपल्या धर्मग्रामांत फार स्वस्त झाले आहे. नोकरी गेलेला बाप असो, मूल नसलेली सून असो, कर्करोगाने खंगलेली आई असो, की रात्ररात्र डोळा न लागणारा तरुण मुलगा असो. समाचाराला येणारे एकच औषध देऊन जातात. आणखी एक नोव्हेना करा, रोझरी चुकवू नका, उपवास धरा, देव ऐकेल. आणि देवाने ऐकल्याचे दिसले नाही, की दोष ठरलेला: प्रार्थना करणाऱ्याच्या श्रद्धेतच खोट! संकटाने अर्धमेल्या झालेल्या माणसाच्या पाठीवर अपराधाचे हे दुसरे ओझे लादण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

नोव्हेनेला वा रोझरीला आमचा विरोध नाही. वांद्र्याच्या मोतमाऊलीला मेणाचे हातपाय वाहणाऱ्या आईच्या भाबड्या विश्वासापुढे आम्ही नतमस्तकच आहोत. विरोध आहे तो दुसऱ्याच्या दुःखावरून त्याची श्रद्धा मापणाऱ्या वृत्तीला. ही वृत्ती धार्मिक भासते. पवित्र शास्त्रात मात्र तिला आधार नाही.

ईयोबाचे पुस्तक उघडून पाहावे. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मूकपणे बसून राहिले. तोवर सारे ठीक होते. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि ईयोबाच्याच पदरी पाप असले पाहिजे, असा धोशा लावला. परमेश्वराने ईयोबालाही वादळातून खडे बोल सुनावले. परंतु शेवटी त्याचा कोप झाला तो देवाची वकिली करणाऱ्या या मित्रांवर! आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे काम सोपविले गेले ते तक्रारखोर ईयोबाकडे.

स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे विलापाची आहेत. लाजरसच्या कबरेपाशी आपला प्रभू रडला. क्रूसावरून त्याने फोडलेला टाहो हा बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहे. मग आमच्या घरातील विधवेने 'देवा, असे का?' म्हणून आक्रोश केला, तर तो अविश्वास कसा? ज्याच्यावर विश्वासच नाही, त्याच्यापाशी कोणी गाऱ्हाणे नेत नाही.

लिझ्यूची संत तेरेजा १८९७ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. अखेरच्या महिन्यांत तिच्या अंतःकरणात दाट काळोख होता. कोलकात्याच्या मदर तेरेसांनी अनेक वर्षे असाच आध्यात्मिक अंधार सोसला, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रांतून जगाला कळले. तरी २०१६ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. या दोघींनाही आम्ही 'विश्वास वाढवा' म्हणून सांगणार आहोत काय?

'मग श्रद्धेचा उपयोग तरी काय?' असे कोणी विचारील. उत्तर गेथशेमाने बागेत आहे. प्याला दूर व्हावा, अशी प्रभूने विनवणी केली. संत लूक सांगतो, स्वर्गातून देवदूत आला आणि त्याने प्रभूला बळ दिले. प्याला टळला नाही, बळ मिळाले. श्रद्धा हमी देते ती या बळाची. आणि ते बळ पुष्कळदा माणसांच्या हातांनी येते. क्रूसाच्या वाटेवर कुरेनेकर शिमोनाने प्रवचन दिले नाही, खांदा दिला.

मनाच्या आजाराबाबत तर आमची कठोरता ख्रिस्तसभेलाही मागे टाकते. जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास १९१७ च्या धर्मनियमसंहितेने ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेत ती तरतूद उरली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने तर तीव्र मानसिक व्यथेने माणसाची जबाबदारी उणावते हे मान्य केले आणि अशा जिवांच्या तारणाची आशा सोडू नये, असे शिकविले. आमच्या ओटीवरची कुजबुज मात्र अजून १९१७ सालातच आहे. खचलेल्या मुलाला डॉक्टरकडे नेण्यास आम्ही लाजतो. जणू औषधाची गोळी घेतली की देवाचा अपमान होतो!

म्हणून, वाचकहो, दुःखिताच्या घरी जाताना उपदेशाची शिदोरी घरीच ठेवावी. डबा न्यावा, इस्पितळात रात्र जागावी, औषधांच्या खर्चाला हात लावावा, आणि त्याने म्हटले तरच त्याच्यासोबत प्रार्थना करावी. पहिले सात दिवस ईयोबाच्या मित्रांसारखे बसावे; आठव्या दिवशी मात्र त्यांच्यासारखे बोलू नये.