मायक्रोसॉफ्टच्या ऱ्हासाची हाकाटी

मायक्रोसॉफ्टला उतरती कळा लागली, हे मी गेली पंचवीस वर्षं ऐकत आलो आहे. एप्रिल २००७ मध्ये पॉल ग्रॅहम या नामांकित प्रोग्रामर-लेखकाने तर ‘मायक्रोसॉफ्ट मेली’ असा निवाडा लेखाच्या मथळ्यातच दिला होता. त्या आर्थिक वर्षात कंपनीचं उत्पन्न ५१ अब्ज डॉलर होतं. जून २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात ते २८१ अब्जांच्या पुढे गेलं. तरी हाकाटी थांबलेली नाही. विंडोज ११ लोकांना नकोसं झालंय, २०२५ च्या मे आणि जुलैमध्ये मिळून पंधरा हजारांच्या आसपास माणसं काढली, फोनच्या बाजारातून तर केव्हाच गाशा गुंडाळला; तेव्हा आता हिचे दिवस भरले, असं सांगितलं जातं. हे मत चुकीचं आहे, आणि त्याचा तोटा कंपनीला नाही, आपल्याला होतो. म्हणून त्याचा समाचार घेणं भाग आहे.

पूर्वपक्ष पोकळ नाही, हे आधीच मान्य करतो. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि त्यानंतरचं व्हिस्टा सामान्य ग्राहकाच्या हाती पडायला जानेवारी २००७ उजाडलं. त्याच महिन्यात आयफोन जाहीर झाला. तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर त्याच्या किमतीवर कॅमेऱ्यासमोर हसले. पुढे नोकियाचा फोनचा धंदा सात अब्जांहून जास्त डॉलर मोजून घेतला आणि २०१५ साली साडेसात अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले. फोनची लढाई कंपनी हरली, पुरती हरली. इंटरनेट एक्स्प्लोररचा वाटा एके काळी नव्वद टक्क्यांच्या वर होता. १५ जून २०२२ रोजी कंपनीने स्वतःच त्याला निवृत्त केलं.

पण एखादं उत्पादन पडणं आणि कंपनी पडणं यात फरक आहे. टीकाकार शेअरच्या भावाचा दाखला देतात. डिसेंबर १९९९ मधला उच्चांक पुन्हा गाठायला ऑक्टोबर २०१६ यावं लागलं, हे खरंच. मात्र त्या सतरा वर्षांत धंदा आटला होता का? २००० साली निव्वळ नफा नऊ अब्ज डॉलरच्या घरात होता, २०१३ साली जवळपास बावीस अब्ज. फुगवलेला होता तो १९९९ चा भाव. त्या फुग्यातली हवा गेली, तिला लोकांनी कंपनीचा ऱ्हास म्हटलं.

दुसरा दाखला आयबीएमचा. ती बुडाली तशी हीही बुडेल, असं म्हणतात. आयबीएमने १९९३ या एका वर्षात आठ अब्ज डॉलरचा तोटा सोसला होता. मायक्रोसॉफ्ट १९८६ साली शेअर बाजारात आली. तेव्हापासून तिचं एकही वर्ष तोट्यात गेलेलं नाही. तिमाहीचा तोटासुद्धा पहिल्यांदा दिसला तो २०१२ मध्ये, तोही जुन्या खरेदीची किंमत वहीत कमी केल्यामुळे.

मग झालं काय? तर गादी हलली. फेब्रुवारी २०१४ मध्ये सत्या नडेला प्रमुख झाले आणि दोन महिन्यांच्या आत ऑफिस अ‍ॅपलच्या आयपॅडवर आलं. बाल्मर यांनी २००१ साली लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती; आज मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडवर निम्म्याहून जास्त काम लिनक्सवर चालतं. विंडोजचा अभिमान सोडून कंपनीने धंदा वाचवला, नुसता वाचवला नाही, वाढवला. टेबलावरच्या डब्यातून सत्ता डेटा सेंटरमध्ये गेली. त्यांपैकी एक केंद्र २०१५ पासून आपल्या पुण्यात आहे. जे टेबलाकडेच बघत बसले, त्यांना ऱ्हास दिसला.

गेल्या सप्टेंबरात, ऑडिटच्या ऐन घाईत, एका सीए मित्राच्या कचेरीत बसलो होतो. समोर एक एक्सेल फाइल उघडी होती. बावीस शीट, एकीतून दुसरीत गेलेले व्हीलुकअप, आणि आर्टिकलशिप करणाऱ्या एका मुलाने लिहिलेला मॅक्रो. तो मुलगा पास होऊन कधीच निघून गेला. मॅक्रो आत काय करतो हे कचेरीत कुणालाच सांगता येईना. बटण दाबलं की घसारा बरोबर येतो, एवढंच ठाऊक. “ही फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडून पाहिलीस का?” मी विचारलं. “उघडते रे, पण मॅक्रो चालत नाही. तीस तारीख तोंडावर आलीय, हे प्रयोग कोण करणार?” या माणसाला विंडोजचा मनापासून वैताग आहे. घरी मॅक, खिशात आयफोन. कचेरीसाठी मायक्रोसॉफ्टची वर्गणी मात्र तो दर वर्षी न चुकता भरतो.

माझं म्हणणं या कचेरीत आहे. ज्या दुकानाचं गिऱ्हाईक सुटू शकतं, ते गिऱ्हाईक तक्रार करत बसत नाही, शेजारच्या दुकानात जातं. लोक वर्षानुवर्षं कुरकुरतात आणि तरी पैसे भरतात, तिथे त्या कुरकुरीला ऱ्हासाचं लक्षण समजणं ही मोठी चूक आहे. माल खालावूनही सत्ता वाढते, तेव्हा ती मक्तेदारी असते. चिनी हॅकरांनी २०२३ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांच्या मेलपेट्या फोडल्या. ते टाळता आलं असतं, असा ठपका सरकारी समितीने एप्रिल २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टवर ठेवला. त्याने कंपनीचा व्यवसाय घटला नाही. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. दोष क्राउडस्ट्राइकचा होता, पण विमानतळ अडले याचं कारण सगळी यंत्रं एकाच पायावर उभी होती. मरायला टेकलेल्या कंपनीची ही व्याप्ती नसते.

आणि नायरा एनर्जी? मुख्यालय मुंबईत, तेलशुद्धीकरण प्रकल्प गुजरातेत वाडीनारला. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिला दिलेल्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांचे मेल बंद, टीम्स बंद. परवान्याचे पैसे पूर्ण भरले आहेत, असं नायराने दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं. त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. भारतीय कायद्याने त्या कंपनीवर कोणतीही बंदी नव्हती. ब्रुसेल्सच्या निर्णयाने मुंबईतल्या माणसाची मेलपेटी बंद होऊ शकते, इतकी ही सत्ता आज खोल गेली आहे.

आपल्याकडे गावोगावच्या एमएस-सीआयटीच्या वर्गांत संगणक शिकणं म्हणजे व्यवहारात विंडोज, वर्ड आणि एक्सेल शिकणं झालं. त्यातलं ‘एमएस’ हे महाराष्ट्र राज्याचं, मायक्रोसॉफ्टचं नव्हे, हेही अनेकांना माहीत नसतं. लाखो मुलामुलींना त्या वर्गांनी नोकरीच्या उंबरठ्यावर नेलं, त्याचं मोल मी जाणतो. पण पर्याय असतो, एवढं तरी तिथे शिकवायला हवं. ओपन डॉक्युमेंट हा खुला साचा २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. लिब्रेऑफिस फुकट मिळतं आणि मराठीतूनही चालतं.

ही कंपनी आपोआप पडेल या भरवशावर कोणत्याही बँकेने, कारखान्याने, महाविद्यालयाने, सरकारी खात्याने राहू नये. पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणावर सही करण्याआधी आपल्या संगणक विभागाला एवढंच विचारा: उद्या आपण हा करार थांबवला, किंवा त्यांनी थांबवला, तर आपल्या फाइली आणि मेल किती दिवसांत आपल्या ताब्यात येतील? उत्तर लेखी मागा.