तिसऱ्या दिवसाचा थरकांप

गेल्या पावसाळ्यांत आमच्या ओळखीचा एक सुतार छपरावरून पडला व त्याच्या मांडीचें हाड मोडलें. घरच्यांनीं उसनवारी करून गाडी केली आणि त्यास मोठ्या दवाखान्यांत घातलें. पाय बांधला, सलाईन लावलें, ऑपरेशनची तारीख पडली. तिसऱ्या दिवशीं पहांटे गडी खाटेवर उठून बसला. हात लटलट कांपूं लागले, अंगावर मुंग्या चढल्या म्हणून चादर झाडूं लागला, बायकोस ओळखीना. त्याचे हात खाटेस बांधले. म्हातारी म्हणाली, बाहेरचें झालें. लागलीच एक भगत वार्डाच्या दारांत येऊन अंगारा लावून पैसे घेऊन गेला. संध्याकाळीं एका तरुण डॉक्टरानें बायकोस बाजूला घेऊन हळूच विचारलें, “ताई, हे रोज किती घेतात?” मग गोळ्या सुरू झाल्या आणि माणूस वांचला. वीस वर्षें रोज पिणारा माणूस, पण तोंपर्यंत त्याच्या केसपेपरावर दारू हा शब्द कोठेंही नव्हता. दवाखान्यानें विचारलें नाहीं, आणि घरच्यांनीं लाजेनें सांगितलें नाहीं.

वाचकहो, ही बाधा नव्हे. वर्षानुवर्षें रोज दारू घेणाऱ्याचा मेंदू तिच्या गुंगीवर बेतून चालूं लागतो. ती एकाएकीं तुटली कीं तोच मेंदू बेफाम होतो. सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिटा येऊं शकतात. दोन ते चार दिवसांत कांहींजणांस भ्रम होतो, ताप चढतो, नसतीं जनावरें दिसतात. उपचार न झाल्यास यांत माणूस मरतो. पहिल्याच दिवशीं कळलें तर योग्य गोळ्या देऊन हें बहुतेक टाळतां येतें. शिवाय अशा माणसाच्या अंगांतलें ब-१ जीवनसत्त्व आटलेलें असतें. तें भरून न काढतां नुसतें साखरेचें सलाईन चढविलें तर मेंदूस कायमची इजा होऊं शकते. आमच्या लोकांस सलाईनची भारी हौस, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

देगलूर, बिलोली, धर्माबाद या तेलंगणास लागून असलेल्या गांवांनीं तर आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पलीकडे ताडींत झोपेच्या औषधांची भेसळ करण्याचा धंदा जुना आहे. 2015 सालीं तेथील सरकारनें अशा ताडीवर धाडी घातल्या तेव्हां निजामाबाद व महबूबनगर या भागांतले दवाखाने थरकांप, फिटा आणि भ्रम झालेल्या माणसांनीं भरून गेले. ताडी बंद करणें चूक नव्हतें. पिणाऱ्यांचें पुढें काय होईल याची तयारी आधीं केली नाहीं, हें चूक होतें.

आतां दवाखान्यांत कां विचारीत नाहींत तें पाहूं. विचारतात कधीं कधीं, पण कसें? रांगेंत पन्नास माणसें उभीं असतां, “काय रे, दारू पितोस काय?” या अरेतुरेस कोणता शहाणा खरें उत्तर देईल? साहेब बंगल्यावर बसून घेतो तेव्हां त्याच्या कागदावर रक्तदाब आणि कामाचा ताण लिहितात. आमचा वडार, लोहार, ऊसतोड्या घेतो तेव्हां तो दारुडा! लातूरचा शेतकरी ऊस पिकवितो, त्या उसाची मळी होते, मळीचा अर्क होतो, अर्काची देशी दारू होऊन ती त्याच्याच गांवांत परत येते. वाटेंतला प्रत्येकजण आपला हिस्सा घेतो, सरकार कर घेतें. बदनामी तेवढी शेवटच्या माणसाच्या वांट्यास येते. जोतीराव फुले पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे सभासद असतां 1880 सालीं त्यांनीं लेखी तक्रार केली ती दारूच्या दुकानांविरुद्ध, हें येथें आठवतें.

विचारण्याची सभ्य रीत नाहीं असें मुळींच नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें दहा प्रश्नांची एक यादी कधींच करून ठेविली आहे. किती वेळां घेतां, एका बैठकीस किती, सुरू केल्यावर थांबवतां येतें काय, सकाळीं उठल्याबरोबर लागते काय, दारूपायीं कोणास इजा झाली काय, असे साधे प्रश्न. उत्तरांस गुण द्यावयाचे, एकूण चाळीस. आठ किंवा अधिक झाले तर सावध व्हावें. वीस किंवा अधिक झाल्यास डॉक्टरानें नीट तपासावें. यास पांच मिनिटेंही लागत नाहींत व यंत्रही लागत नाहीं.

आणि पुढें काय, असें कोणी विचारील. गोव्यांत याचा प्रयोग झाला आहे. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या पुरुषांस हेच प्रश्न विचारून बारा ते एकोणीस गुणांचे 377 जण निवडले. निम्म्यांस नेहमींची वागणूक. निम्म्यांस त्याशिवाय एक ते चार वेळां बसून बोलणें. बोलणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेलीं साधीं माणसें होतीं. तीन महिन्यांनीं बोलणें झालेल्यांपैकीं शंभरांत 36 जणांचें पिणें धोक्याच्या खालीं आलें, दुसऱ्या बाजूस 26 जणांचें. हा निकाल 2017 सालीं प्रसिद्ध झाला. कोणी म्हणेल, शंभरांत दहाच अधिक? आम्ही म्हणतों, त्या दहा घरांतल्या बायकांस विचारा.

सरकारची स्वतःचीच पाहणी 2019 सालीं बाहेर आली. देशांत 5 कोटी 70 लाख लोकांस दारूच्या त्रासासाठीं मदतीची गरज आहे, आणि जे तिच्या पुरते आहारीं गेले त्यांतील अडतिसांत एकासच कसली तरी मदत मिळाली, असें तींत आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानें व्यसनाचे विकार आजारांत गणले आहेत व सरकारी दवाखान्यांत त्यांचा उपचार मिळणें हा हक्क ठरविला आहे. नांदेड आणि लातूर येथें सरकारी वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. पण किनवट-माहूरच्या मजुरास नांदेड गांठावयाचें तर त्याचा दिवस मोडतो, रोजही बुडतो. ज्याचें पिणें बेताचें आहे त्यास तालुक्याच्या आंतच हटकून समजावितां आलें पाहिजे.

आमच्या घरांकडेही दोष आहे. दवाखान्यांत भरती करतांना पिण्याची गोष्ट लपवूं नका. डॉक्टरास पहिल्याच दिवशीं सांगा, किती आणि शेवटची कधीं घेतली. माळ घालून सोडणाऱ्यांस आम्ही हात जोडतों. पण जो सकाळीं उठून घेतल्याशिवाय उभा राहूं शकत नाहीं, त्यानें माळ घालण्याआधीं डॉक्टरास भेटावें, नाहींतर दुसऱ्या दिवशीं फीट येऊन पडेल व लोक देवाचा कोप म्हणतील. “न सांगतां दारू सोडवा” असें भिंतीवर रंगवून पुड्या विकणाऱ्यांपासून तर फारच सांभाळा. दारूबरोबर घेतां न येणारें एक औषध डॉक्टर देतात, तें माणसाच्या संमतीनें आणि तपासून. तसलें कांहीं चहांतून चोरून दिलें आणि वर त्यानें दारू घेतली तर जीव जाण्यापर्यंत वेळ येते. सल्ल्यासाठीं सरकारचा 14446 हा फुकट फोन आहे.

आमची मागणी लहान आहे. दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक आरोग्य केंद्रांत व तालुका दवाखान्यांत हे दहा प्रश्न आडोशाला बसवून, अहो-जाहो करून विचारावेत. उत्तर केसपेपरावर लिहावें. हाडमोड, अपघात, पोटाच्या व काविळीच्या रोग्यास तर भरती होतांच विचारावें. थरकांपाच्या गोळ्या आणि ब-१ चीं इंजेक्शनें तालुक्यास शिलकींत असावींत. बोलण्यासाठीं त्याच गांवचीं दोन माणसें शिकवून नेमावींत. येत्या ग्रामसभेंत बायांनींच हा ठराव मांडावा, आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांस सभेस बोलावून त्यांच्या समक्ष तो वाचावा.